थंडीतला पाऊस आणि वरळीतला सातबारा

१ डिसेंबर २०२१ ची रात्र जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतले मेंढपाळ अजून विसरलेले नाहीत. दिवस मार्गशीर्षाच्या तोंडाचे. वावरात रांगडा कांदा, हरभरा, ज्वारी उभी. घाटावरून आणि शेजारच्या नगर जिल्ह्यातून आलेली धनगरांची बिऱ्हाडं रानोमाळ उतरलेली. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू झाला. विजा कडाडत नव्हत्या, गारा पडत नव्हत्या, वळवाचा धडाकाही नव्हता. भुरभुर म्हणावी तर तीही नव्हे. अंगात शिरणारा थंडगार पाऊस आणि सोबतीला बोचरा वारा, दिवसभर आणि मग रात्रभर. अरबी समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता आणि त्याच वेळी उत्तरेकडून पश्चिमी झंझावात आला होता, असे हवामानाचे जाणकार सांगतात. मेंढपाळाला त्याचं काय? दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा वाघरीत मेंढरं आडवी पडलेली होती. कुणाची दहा, कुणाची पन्नास. पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून मेलेल्या शेळ्या-मेंढ्यांचा आकडा हजाराच्या पुढे गेला.

वाळवंटात बर्फ पडला तर वर्तमानपत्रात मोठा मथळा येतो. महाराष्ट्रात थंडीने मेंढरं मरतात, यावर मात्र शहरातल्या माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. त्याला वाटतं, मेंढीच्या अंगावर लोकर असते, तिला थंडी कसली? इथंच समजुतीचा घोटाळा आहे. लोकर ऊब देते ती कोरडी असताना. तिच्या केसांत हवा अडकून राहते आणि ती हवाच पांघरुणाचं काम करते. लोकर भिजली की हवा गेली, आणि वर पाण्याने जड झालेलं ओझं. त्यात वारा सुटला की अंगातली ऊब भराभरा ओढली जाते. मेंढरं नुकतीच कातरलेली असतील तर विचारायलाच नको. दिवसभर पावसात चरणं होत नाही, पोट रिकामं राहतं, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा नसेल तर अंगात उष्णता तयार व्हायची कुठून? आधी कोकरं आणि गाभण मेंढ्या काकडतात. मग त्या बसतात. बसलेली मेंढी उठत नाही, आणि पहाटेच्या गारठ्यात मान टाकते. जी वाचतात त्यांच्यातली काही आठवड्याभरात फुफ्फुसाच्या आजाराने जातात. ती मेलेली मात्र कुणाच्या हिशेबात येत नाहीत.

आता वाचक म्हणतील, हे सगळं ठीक. पण मथळ्यात वरळी कुठून आली?

सांगतो. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या ओळखीचे एक गृहस्थ राहतात. मूळचे आपल्याच जिल्ह्यातले. वडील गिरणीत साच्यावर होते, तेव्हापासूनची खोली. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. लॉर्ड लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना १९२० नंतरच्या काळात सरकारने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामाईक. कोकणातली आणि घाटावरची माणसं इथं एकेका खोलीत किती आणि कशी राहिली हे ज्याने पाहिलं त्यालाच ठाऊक. पाळीप्रमाणे झोपणं, खानावळीत जेवणं आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर धाडणं. आपल्या कितीतरी गावांची विहीर, देवळाचा कळस आणि शाळेची पहिली खोली त्या मनिऑर्डरीतून झालेली आहे. गावाची एक वेस गावात आणि दुसरी गिरणगावात, असं म्हटलं तरी चालेल.

तर, त्या १ डिसेंबरच्या रात्री साडेदहाच्या सुमाराला या गृहस्थांना गावाकडून थोरल्या भावाचा फोन आला.

"अरं, पाऊस धरलाय, थांबायचं नाव न्हाई. आपल्या वरच्या वावरात धनगराची मेंढरं बसवलीत. पार काकडल्यात. गोठ्यात घेऊ का?"

"घ्या की दादा. मला काय विचारायचं?"

"न्हाई, गोठा सामाईक हाय ना. उद्या कुणी म्हनायला नको, न विचारता घेतली."

मुंबईत त्या रात्री पाऊसच होता. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आत घ्यायची धांदल चालली होती. आमचे स्नेही फोनवर म्हणाले, "दादा, गोठ्यातच घ्या, आणि पडवीतही घ्या. बैलांना बाहेर बांधलं तरी चालेल." दोन मिनिटांत निर्णय झाला. सत्तरेक मेंढरं, त्यांतली निम्मी कोकरं, रात्रभर गोठ्यात एकमेकांना चिकटून उभी राहिली. म्हातारीने शेकोटी केली, धनगरणीने पोत्यांनी कोकरं पुसली, गुळाचं कोमट पाणी पाजलं. सकाळी त्यातली तीन गेलेली होती. शिवाराच्या पलीकडे उघड्यावर ज्यांचा वाडा होता त्यांची चाळीसच्या वर गेली. फरक काय तो एका छपराचा.

हे सांगायचं कारण असं की, आपल्याकडे आपत्ती म्हटलं की लोक लगेच मदतीच्या आकड्याकडे वळतात. आकडा महत्त्वाचा आहेच, त्यावर पुढे येतो. पण थंडीतल्या पावसात जनावर वाचतं ते पहिल्या आठ-दहा तासांत, आणि त्या वेळी सरकार कुठंच नसतं. असतो तो ज्याच्या वावरात मेंढरं बसलेली आहेत तो शेतकरी, पोलीस पाटील आणि शाळेची किल्ली ज्याच्याकडे आहे तो शिपाई. मेंढरं बसवून आपण खत घेतो. एकराला किती रात्री, त्या बदल्यात किती पायल्या धान्य, याचा सौदा ठरतो. पण पाऊस आला तर आसरा कुठं, हे सौद्यात कुणी धरत नाही. ते आता धरायला हवं.

आम्ही कुणाला उपदेश करायला बसलो नाही. मुंबईकडचंच एक उदाहरण देतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ केरळ-लक्षद्वीपकडून अरबी समुद्रात वर सरकत गुजरातच्या रोखाने आलं. ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस, शाळांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी ६ डिसेंबर, महापरिनिर्वाण दिन. विदर्भ, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून निघालेली माणसं, लेकरंबाळं, म्हातारी माणसं आधीच दादरला पोहोचलेली, आणि शिवाजी पार्कवर चिखल. तेव्हा महापालिकेने आसपासच्या शाळा उघडून दिल्या. चैत्यभूमीला आलेल्या माणसांना रात्रीपुरतं छप्पर मिळालं. एवढ्या मोठ्या शहराला जे ऐनवेळी जमतं, ते आपल्या ग्रामपंचायतीला का जमू नये? जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, बाजार समितीच्या उपबाजाराची शेड, सभामंडप, बंद पडलेलं सोसायटीचं गोदाम, यांतलं काही ना काही प्रत्येक गावात आहे. शाळेत घाण होईल म्हणून मेंढरं घेऊ नयेत, असं काही गुरुजी म्हणतील. त्यांचंही चुकत नाही. दुसऱ्या दिवशी व्हरांडा धुऊन द्यायची जबाबदारी मेंढपाळाची आणि ग्रामपंचायतीची, एवढं आधी ठरवलं तर कुरबूर राहणार नाही. लेंड्या कुणी टाकून देत नाही, शाळेच्या परसबागेला त्या सोन्यासारख्या.

हिवाळ्यातलं वादळ ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे, असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये चक्रीवादळाने मुंबईला झोडपलं होतं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. समुद्रात गेलेले मच्छीमार परतले नाहीत, आणि कोकणात कापून ठेवलेला भात भिजला. बीडीडीतल्या कोकणी घरांत त्या दिवशी गावचे फोन लागत नव्हते म्हणून लोक गॅलरीत येरझाऱ्या घालत होते, असं आमचे स्नेही सांगतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत अरबी समुद्रावर काय चाललं आहे याकडे आपण घाटमाथ्यावर बसून दुर्लक्ष करतो, हीच चूक. समुद्र लांब असला तरी त्याचं आभाळ आपल्या डोक्यावर यायला एक रात्र पुरते.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. ती जास्त अवघड आहे, कारण तिच्यात भावकी आहे.

गोठ्याचा निर्णय फोनवर दोन मिनिटांत झाला, हे वर सांगितलंच. दोन वर्षांनी, २०२३ च्या नोव्हेंबरात, महिना संपता संपता पुन्हा अवकाळी आला. या वेळी गारांसह. नाशिककडे निफाडच्या द्राक्षबागा झोडपल्या, आपल्याकडे कांदा, ज्वारी, भाजीपाला गेला. आमच्या स्नेह्यांच्या भावाचा कांदाही गेला. पात चिरली, मान मोडली, आणि आठ दिवसांत करप्याने उरलेला घेतला. पंचनामा वेळेवर झाला. गावच्या तलाठीभाऊसाहेबांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडाला तलाठीच येतं) बांधावर येऊन फोटो काढले. त्या अवकाळीसाठी राज्य सरकारने दर वाढवून दिले होते. जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, बागायतीला २७,०००, फळबागेला ३६,०००, तीन हेक्टरांपर्यंत. कागदावर सगळं व्यवस्थित.

आणि मग सातबारा बाहेर आला. त्यावर अकरा नावं. त्यातले दोघे वारलेले, त्यांची वारसनोंद नाही. दोन बहिणी सासरी. चौघे मुंबईला; एक वरळीत, एक नायगावात, दोघे पार विरार-नालासोपाऱ्याकडे. सामाईक खात्याची मदत एकाच्या खात्यावर घ्यायची तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. वरळीवाल्याने दुसऱ्या दिवशी सही करून धाडली. नायगावच्याने पंधरा दिवस लावले. विरारचा एक चुलतभाऊ म्हणाला, "सही करतो, पण आधी वाटणीचं बोला." झालं! कांद्याची भरपाई राहिली बाजूला आणि वीस वर्षांचं भांडण वर आलं. थोरला भाऊ दोन वेळा मुंबईला गेला. एसटीचं भाडं, दिवस मोडला तो वेगळा. शेवटी जे हातात आलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

अशी घरं आपल्या जिल्ह्यात किती आहेत? प्रत्येक गावच्या चावडीवर विचारा. मुंबईत राहणाऱ्या माणसाने जमिनीवरचा हक्क सोडावा असं आम्ही म्हणत नाही. का सोडावा? गिरणीचा भोंगा थांबला, १९८२ च्या संपानंतर हजारो घरांची चूल विझली, तेव्हा याच दीड-दोन एकरांच्या भरवशावर कित्येक जण गावाला परतले होते. जमिनीवरचं नाव म्हणजे मुंबईकराचा शेवटचा आधार. पण ज्याचं नाव आहे त्याच्यावर जबाबदारीही आहे. गणपतीला, जत्रेला आणि लग्नाला यायचं, बांध किती सरकला ते पावलाने मोजायचं आणि परत जायचं, एवढ्याने खातेदारकी निभावत नाही. कसणारा एकटा भिजतो आणि कागदावर अकरा जण कोरडे राहतात, हे किती दिवस चालायचं?

पूर्वी हे कागद फार लागत नव्हते. आता मात्र दिवसेंदिवस सगळं आधारवर आणि अंगठ्यावर येत चाललं आहे. ई-पीक पाहणी २०२१ च्या ऑगस्टपासून सुरू झाली, शेतात उभं राहून फोटो काढायचा. ती झाली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, आणि जे पीक कागदावर नाही त्याचं नुकसान कसलं, असं साहेब विचारू शकतात. शेतकरी ओळख क्रमांक २०२५ पासून योजनांना लागू झाला, तो प्रत्येक खातेदाराचा वेगळा. मदत मंजूर झाली की यादीत विशिष्ट क्रमांक येतो, आणि तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावं लागतं. म्हाताऱ्या माणसाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांवर रेषा राहतात कुठं? हे दळण दळायला घरात एक तरी तरणं पोर लागतं, आणि ते पोर बहुधा पुण्याला नाहीतर मुंबईला असतं.

म्हणून मुंबईकर मंडळींना आमची विनंती आहे. मंडळाच्या बैठकीत सप्त्याच्या वर्गणीबरोबर हाही विषय घ्या. ज्यांची वारसनोंद राहिली आहे त्यांनी ती आधी करून घ्यावी. मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील घेऊन अर्ज केला की फेरफार होतो. त्यासाठी खेटे पडतात हे खरं, पण वादळ झाल्यावर पडणाऱ्या खेट्यांपेक्षा कमीच. ज्यांना दरवेळी गावी येणं शक्य नाही त्यांनी कसणाऱ्या भावाला मदत घेण्यापुरतं संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र करून द्यावं. मदत घेण्यापुरतं, हे शब्द त्यात स्पष्ट लिहून घ्यावेत, म्हणजे जमीन विकली जाईल ही भीती राहणार नाही. वाटणीचं भांडण असेल तर ते चालू ठेवा हवं तर. पण गारांनी झोडपलेल्या कांद्याच्या भरपाईला त्यात ओढू नका.

मेंढपाळाची अडचण याहून उलटी. त्याच्याकडे सातबाराच नाही, आणि असला तर तो दुसऱ्या तालुक्यात. मेंढरं मेली जुन्नरच्या शिवारात, रेशनकार्ड पारनेरचं. पंचनामा कुणी करायचा? आमचं म्हणणं, जिथं जनावर मेलं तिथल्या तलाठ्याने आणि पशुवैद्यकीय डॉक्टरने त्याच दिवशी करावा. कोणत्या गावचा, हे नंतर बघता येईल. मेलेलं मेंढरू दोन दिवस ठेवता येत नाही. थंडीचे दिवस असले तरी कुत्री-कोल्ही येतात, आणि पुरलं की पुरावा गेला. मेंढपाळाने पुरण्यापूर्वी सगळ्या मेलेल्या जनावरांचा एकत्र आणि एकेकटा फोटो काढावा. कानातले बिल्ले दिसतील असा काढावा, शेजारी गावातला एखादा माणूस उभा करावा. बिल्ल्याचं काम आता टाळून चालणार नाही. १ जून २०२४ पासून राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराला नैसर्गिक आपत्तीची भरपाई नाही, असा सरकारी नियम आहे. भटक्या कळपात दर सहा महिन्यांनी नवी कोकरं येतात, त्यांना बिल्ले मारायला डॉक्टर माळावर जाणार की मेंढपाळाने कळप दवाखान्यात न्यायचा, हे पशुसंवर्धन खात्याने सांगावं. नियम करणं सोपं, पण बिल्ला मारायला माणूस लागतो.

आणि भरपाई तरी किती? २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत मेंढी किंवा शेळी मेली तर ४,००० रुपये, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस लहान दुभत्या जनावरांपर्यंत. दुभती गाय-म्हैस असेल तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००. मेंढपाळाचे शंभरातले साठ गेले तर उरलेल्या तिसांचं काय? शिवाय चार हजारांत धडधाकट मेंढी चाकणच्या बाजारात कुणी देईल का? जाऊन विचारावं. पिकाचे दर याच निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरांपर्यंत. राज्य सरकार कधी पदरचे घालून ते वाढवतं, कधी पुन्हा मूळ निकषावर येतं. शेतकऱ्याने काय गृहीत धरून चालायचं, हे कुणी सांगत नाही. नुकसान निम्म्याहून जास्त हवं ही जुनी अट २०१५ मध्ये तेहेतीस टक्क्यांवर आली, हा बदल मात्र चांगला झाला, तो मान्य करायला हवा.

विम्याबद्दल आमचं मत कडवट आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एक रुपयात विमा होता तेव्हा त्यात बोगस अर्ज घुसले, हे खरं. न पिकणाऱ्या जागेवर पिकं दाखवली गेली, हेही खरं. पण २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती योजना बदलताना गारपीट, अतिवृष्टी यांसारख्या स्थानिक आपत्तीचं आणि काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षणच काढून टाकलं, आणि सगळं पीक कापणी प्रयोगावर आणलं. चोर राहिला बाजूला आणि घरमालकाची कडी काढून घेतली, असला हा प्रकार. पीक कापणी प्रयोग होतो मंडळाच्या सरासरीवर. थंडीतला पाऊस आणि गारा सरासरी बघून पडत नाहीत. एका शिवारात सगळं भुईसपाट होतं, आणि ओढ्यापलीकडे पानसुद्धा फाटत नाही. पलीकडच्याच्या भरघोस कांद्यामुळे अलीकडच्याला काही मिळत नाही. पूर्वी ७२ तासांत कळवा म्हणून धावपळ होती. ती धावपळ त्रासाची होती, पण तिच्या टोकाला काहीतरी होतं.

कामाच्या चार गोष्टी मात्र सांगायच्या राहता कामा नयेत. मार्गशीर्ष-पौषात पावसाचा इशारा आला तर कातरणी पुढे ढकलावी. कळप सखल जागी, ओढ्याकाठी बसवू नये. वाऱ्याला आड असलेल्या उंचवट्यावर बसवावा आणि कोकरांपुरती तरी ताडपत्री जवळ ठेवावी. अशा रात्री कोरडी वैरण, कडबा, भुसा पोटात गेला पाहिजे, रवंथ चालू राहिलं तरच अंग तापतं. काकडलेल्या कोकराला आधी पुसून कोरडं करायचं, मग शेकायचं आणि त्याने मान धरल्यावरच पाजायचं. बेशुद्ध कोकराच्या तोंडात गुळाचं पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. पाऊस उघडल्यावर कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर कळप मोकळा सोडू नये, आंत्रविषाराने धडधाकट जनावर पटकन जातं. लस टोचलेली असेल तर धोका कमी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फुकट क्रमांक आहे. पथक दर वेळी वेळेवर येतंच असं नाही, पण फोन केल्याची नोंद राहते, आणि पुढे ती उपयोगी पडते. पिकाचं म्हणाल तर, कांद्यात साचलेलं पाणी पहिल्या दिवशीच चर मारून काढावं. फवारणीची घाई मात्र पात सुकल्याशिवाय करू नये, औषध नुसतं वाहून जातं आणि दुकानदाराची उधारी तेवढी वाढते. आडवी झालेली ज्वारी पोटरीत असेल तर आपोआप थोडी उठते, कणसात दाणा भरत आलेली उठत नाही. 

ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहाय्यक या तिघांवर गावकऱ्यांचा राग निघतो, आणि तो दर वेळी न्याय्य असतो असं नाही. एकाकडे तीन-तीन सजे, निवडणुकीचं काम, वर ॲप बंद पडलेलं. पण एक गोष्ट त्यांच्या हातात आहे. पंचनाम्याची यादी चावडीवर लावणं. ज्याचं नाव राहिलं त्याला पहिल्या आठवड्यात कळलं तर दुरुस्ती होते. महिन्याने कळलं तर मोर्चा होतो. त्याच यादीची प्रत फोनवर मुंबईच्या मंडळाला पाठवली तर सहीसाठी थोरल्या भावाला एसटीने खेटे घालावे लागणार नाहीत. खर्च शून्य.

वरळीला आम्ही परवा पुन्हा जाऊन आलो. जांबोरी मैदानाच्या आसपासचं चित्र आता ओळखू येत नाही. काही चाळी पडल्या, काही पडायच्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर उंच मनोरे उभे आहेत. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाने नव्या घरांच्या चाव्या दिल्या. १६० फुटांतून ५०० फुटांत, संडास घरात. शंभर वर्षांच्या हालांनंतर हे झालं याचा आनंद आहे. आमच्या स्नेह्यांचा नंबर अजून लागायचा आहे. ते खोली आवरायला लागलेत. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक त्यांनी आम्हाला उघडून दाखवली. वडिलांच्या गिरणीचा बिल्ला, मनिऑर्डरीच्या पावत्या, १९७२ च्या दुष्काळात गावाला पाठवलेल्या धान्याची यादी, मंडळाच्या वर्गणीची वही, आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा.

"जुनं सामान नवीन घरात न्यायचं नाही, असं सूनबाई म्हणतात," ते हसून म्हणाले. "ट्रंक देऊन टाकीन. पिशवी नेतो."

गॅलरीतून खाली त्यांना मंडळाची माणसं एका हाकेत गोळा करता येत होती. नव्या इमारतीत कोण कितव्या मजल्यावर जाईल ते चिठ्ठीवर ठरतं. मंडळाची वही कुणाच्या घरी ठेवायची याचा निर्णय झालेला नाही. पुढच्या रविवारी बैठक आहे. विरारचा चुलतभाऊ येणार असल्याचा निरोप आहे. सही करायला की वाटणीचं बोलायला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.